अडुसष्ट मुलं, एक आधार संच आणि ३० सप्टेंबर

गेल्या जूनमध्ये शाळेचा कार्यभार माझ्याकडे आला, तेव्हा आधीच्या सरांनी किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एक वाक्य हातात ठेवलं. "मॅडम, बाकी सगळं ठीक आहे, फक्त आधारचं तेवढं बघा." ते 'तेवढं' बघता बघता डिसेंबर संपला. ज्यांच्याकडे पुढच्या जूनमध्ये असाच जुडगा येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

आमची जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा, नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत. गावाचं नि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही कुरकूर येणार आहे आणि ती कोणा एकाची नाही. पट ६८, शिक्षक तीन. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, हिशोबाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून तिसरा. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि तिथे आता मूल वर्गात बसलेलं असून भागत नाही, सरकारच्या शाळा पोर्टलवर त्याचं आधार 'व्हॅलिड' दिसावं लागतं. म्हणजे नाव, लिंग आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी आधारशी जुळायला हव्यात.

१६ जूनला शाळा उघडली. त्याच आठवड्यात मी लॉगिन करून यादी काढली. व्हॅलिड ४३. आधार जुळत नाही अशी १४. आधारच नाही अशी ११. एकसष्टला अठरा कमी. आमचे तिसरे सर माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते, त्यांनी काही न बोलता चहा ठेवायला घेतला.

गंमत म्हणजे देशातले पहिले दहा आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीला वाटले गेले. २९ सप्टेंबर २०१०, खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. त्या गोष्टीला पंधरा वर्षं झाली आणि त्याच जिल्ह्यात मी अकरा मुलांसाठी बारा आकडे शोधत होते.

जुलै : आधी वही

मी केलेली एकच शहाणपणाची गोष्ट म्हणजे एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक मुलाला एक पान दिलं. पानावर चार ठिकाणचं नाव जसंच्या तसं उतरवलं : शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं, पोर्टलवरचं, आधारवरचं, जन्मदाखल्यावरचं. चार ठिकाणी चार मुलं निघाली.

आमच्याकडची आडनावं वळवी, वसावे, पाडवी, पावरा. वळवी इंग्रजीत कुणी व्हीने लिहितं, कुणी डब्ल्यूने. एकाच घरातला मोठा भाऊ व्हीचा, धाकटी बहीण डब्ल्यूची. वसावे आणखी अवघड. आई-वडील ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, मूल तिथे जन्मतं, आणि तिथल्या दाखल्यावर त्याचं 'वसावा' होतं. सीमा ओलांडली की मात्रेचा काना होतो.

जन्मतारखांबद्दल तर काय बोलावं. शाळेत जुन्या पद्धतीने १ जून. मागे कधीतरी नुसतं वय सांगून काढलेल्या आधारवर १ जानेवारी. आईला विचारलं तर ती म्हणते, "भोंगऱ्याचा बाजार झाला ना, त्याच्यानंतर चार दिवसांनी." भोंगऱ्या होळीच्या आधी भरतो, म्हणजे मूल फेब्रुवारी-मार्चचं. तिन्हींत सगळ्यात भरवशाची माहिती आईचीच, आणि ती कुठल्याही फॉर्मात बसत नाही.

वही भरल्यावर कळलं की १४ पैकी ८ मुलांची चूक आमचीच होती. पोर्टलवर भरताना कुणीतरी मुलीपुढे मुलगा टाकलेला, वडिलांचं नाव मुलाच्या रकान्यात, स्पेलिंगमध्ये एक ए कमी. जनरल रजिस्टर आणि आधार दोन्ही बरोबर, मधलं पोर्टल चूक. ही आठ मुलं मी आणि सरांनी दोन संध्याकाळी बसून, मोबाइलला रेंज मिळते त्या पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून दुरुस्त केली. खर्च शून्य. व्हॅलिड ५१.

म्हणून सांगते, आधार शिबिराची मागणी करण्याआधी आपलं घर तपासा. उरलेल्या सहांचं आधारच दुरुस्त करायचं होतं. उलट करता येत नाही. जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख किंवा आडनाव मुख्याध्यापक मनाने खोडू शकत नाही, त्याला वरून मान्यता लागते आणि तो वेगळाच वनवास आहे.

जन्मदाखला नावाचं खरं काम

ज्यांचं आधारच नव्हतं त्या अकरा जणांच्या घरी गेले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की निघायचं, सोबत अंगणवाडीताई. त्या नसत्या तर माझं काम झालं नसतं, हे पहिल्याच घरी समजलं. माझी भिली अजून 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही. शिवाय कुठलं मूल दवाखान्यात जन्मलं, कुठलं घरी, कुठलं उसाच्या फडावर, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं.

चौघांकडे नीट दाखला होता, पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या फोटोखाली. मग आधार का नाही काढलं? "कोणी काढ बोललंच नाही."

पाच जणांची नोंद होती पण दाखल्यावर मुलाचं नाव नव्हतं. हे फार ठिकाणी असतं. बाळ दवाखान्यात जन्मलं, नोंद झाली, बारसं व्हायचं होतं म्हणून नावाचा रकाना कोरा, आणि पुढे कुणी परत गेलंच नाही. घाबरू नका, हे सुटतं. जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात आई-वडिलांनी अर्ज द्यायचा. नोंदणीपासून बारा महिन्यांत नाव टाकलं तर शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क भरून टाकता येतं. एकच सावधगिरी बाळगा : जे नाव टाकाल ते कायमचं. म्हणून मी प्रत्येक घरी बसून इंग्रजी स्पेलिंगची चिठ्ठी केली, मोठ्या अक्षरात, आणि ती अर्जाला टाचली. वडिलांच्या आधारवर आडनाव जसं, तसंच मुलाचं. पाचपैकी तिघांची नोंद ग्रामपंचायतीत होती, ती पंधरा दिवसांत झाली. दोघांची तालुक्याच्या दवाखान्यात. तिथे पहिल्या फेरीला संबंधित साहेब नव्हते, दुसऱ्या फेरीला साहेब होते पण वीज नव्हती, तिसऱ्या फेरीला दोन्ही होते. जीपचं भाडं माणशी ४० रुपये एका बाजूला, आणि बापाचा एका दिवसाचा रोज बुडतो तो वेगळा. तिसऱ्या फेरीला मी मुलांच्या वडिलांना आधी फोन करून विचारायला शिकवलं. हे पहिल्यांदाच सुचायला हवं होतं.

उरले दोघे. त्यांची नोंदच नाही. दोघंही घरी जन्मलेले, दाई आता हयात नाही. जन्माला वर्षाच्या वर झालं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आधी ग्रामपंचायतीकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र (नोंद सापडत नाही असं), मग अर्ज, पुरावे, सुनावणी. त्यात मार्च २०२५ पासून राज्यात उशिराच्या नोंदींची पडताळणी कडक केली आहे, त्यामुळे पुरावा भरपूर जोडा. आम्ही जोडलं ते : शाळेचा प्रवेश उतारा, अंगणवाडीच्या रजिस्टरची प्रत, लसीकरणाचं कार्ड (एकाचं उंदरांनी खाल्लं होतं, अर्धं जोडलं). एकाचा आदेश डिसेंबरमध्ये आला. दुसऱ्याचं शेवटी सांगते.

एक नियम इथेच लिहिते, कारण पुढच्या वर्षी तो आपल्या अंगणवाडीच्या दारात उभा राहणार आहे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. त्यामुळे धाकट्या भावंडांचे दाखलेही त्याच फेरीत बघून घ्या.

ऑगस्ट : संचाची वाट

गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयात, आधार नोंदणीच्या यंत्रांचा संच असतो आणि तो शाळांच्या केंद्राकेंद्रांत फिरतो. ४ ऑगस्टला लेखी मागणी दिली. पोहोच घ्या, नुसतं व्हॉट्सअॅपवर टाकू नका. आमचा पहिला मेसेज दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये 'शुभ सकाळ'खाली गाडला गेला होता.

पहिली तारीख मिळाली ती नेमकी पोळ्याची. मीच नको म्हटलं. पोळ्याला गावात कुणीही बैल सोडून मशीनपुढे बसायला येणार नाही. दुसरी तारीख ऑपरेटर आजारी म्हणून गेली. शेवटी ११ आणि १२ सप्टेंबर ठरले. तोवर माझ्या पोटात गोळा, कारण दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाची गाडी येते आणि निम्मे आई-बाप गावात नसतात. नवीन नोंदणीसाठी आई किंवा वडील स्वतः हजर हवेत. आमच्यासारख्या गावांत हे काम पावसाळ्यातच उरकायचं असतं.

मधल्या काळात फॉर्म भरून ठेवले. वयानुसार तीन वेगळे फॉर्म असतात : पाच वर्षांखालचे, पाच ते अठरा, आणि मोठे. मी भारावून आधी मोठ्यांचे ऐंशी झेरॉक्स काढून आणले. १६० रुपये गेले. अजून त्यांच्या पाठीमागे मुलं पाढे लिहितात.

याच काळात आणखी एक बाब उघडकीला आली. ज्यांचं आधार व्हॅलिड आहे अशांतही बऱ्याच जणांचं 'बाल आधार'च होतं, निळं. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, नुसता फोटो असतो. पाच पूर्ण झाले की ठसे आणि डोळे द्यावेच लागतात, पंधराव्या वर्षी परत एकदा. अशी ३१ मुलं निघाली. पाच ते सात वयातली १२, त्यांना हे मोफत. सात ओलांडलेली १९, त्यांना तेव्हाच्या दराने प्रत्येकी १०० रुपये. बारा पालकांनी दिले. सात जणांचे आम्ही तिघांनी मिळून घातले.

११ सप्टेंबर

शिबिर आमच्या शाळेत नाही, रस्त्यालगतच्या केंद्रशाळेत घेतलं, कारण तिथे रेंज आहे. सकाळी ऑपरेटर दादा आले. लॅपटॉप, समोरच्या माणसाला दिसावा म्हणून दुसरा स्क्रीन, चार बोटं एकदम मावतील असं ठशांचं यंत्र, दुर्बिणीसारखं डोळ्यांचं यंत्र, कॅमेरा, प्रिंटर, दिवा आणि मागे लावायचा पांढरा पडदा. सगळं जोडायला पाऊण तास. शेवटी त्यांनी स्वतःचा अंगठा दिला, तेव्हा यंत्र उघडलं. "आधी माझी ओळख पटते, मग तुमची," ते म्हणाले.

पहिली मुलगी सहा वर्षांची, वेणीला नवी लाल रिबीन. उजव्या हाताची चार बोटं, डाव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. स्क्रीनवर बोटं लाल दिसत राहिली. दादांनी ओलं फडकं मागवलं, एकेक बोट पुसलं, पुन्हा कोरडं केलं, आणि स्वतःचा तळहात तिच्या बोटांवर अलगद ठेवला. दाबून नाही. तीन बोटं हिरवी, करंगळी लाल. तिने रात्री मेंदी लावली होती, शिबिर आहे म्हणून. अखेर पाचव्या वेळी करंगळीही हिरवी झाली आणि बाहेर उभ्या आईने टाळी वाजवली. (मेंदी लावू नका, हे आदल्या दिवशी सांगा. मला काय माहीत!)

डोळ्यांची तऱ्हा वेगळी. मुलं यंत्र जवळ आलं की डोळे मिटतात. "मोठे कर, मोठे कर" म्हटलं की भुवया वर जातात, पापण्या तिथेच. मग आमच्या तिसरीतल्या एका पोराने युक्ती काढली. तो यंत्रामागे उभा राहून हळूच म्हणायचा, "बिबट्या." डोळे आपोआप मोठे. दिवसभर तो तिथेच उभा राहिला, जेवायलाही गेला नाही. टेबल मात्र खिडकीपासून आत सरकवावं लागलं, उन्हाची तिरीप डोळ्यावर आली की यंत्र रुसतं.

एका मुलीची दोन बोटं कडबाकुट्टीत गेलेली. तिची आई तिला मागे लपवत होती, मशीन घेणार नाही म्हणून. घेतं. बोटं नसल्याची नोंद करायची सोय असते, त्यासाठी चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा वेगळा फोटो काढतात. फोटोसाठी तिने हात पुढे केले तेव्हा रांगेतला गोंगाट आपोआप थांबला. मला त्या शांततेचा थोडा रागही आला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाव इंग्रजीत टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं, आणि ते मराठी वाचल्याशिवाय सही करू नका. पाडवीचं 'पदवी' झालं. दुसऱ्या स्क्रीनकडे मी वळून पाहिलं म्हणून, नाहीतर आमच्या पहिलीतल्या मुलाला शिक्षण सुरू व्हायच्या आतच पदवी मिळाली असती. वळवीचं 'वाल्वी' तर चार वेळा. दादा बिचारे प्रत्येक वेळी सुधारत होते, पण शंभर माणसं मागे उभी असताना त्यांच्या डोळ्यांवर किती भार टाकणार. त्यानंतर मी खुर्ची त्या स्क्रीनसमोरच टाकली आणि स्पेलिंगच्या चिठ्ठ्या हातात घेऊन बसले.

दुपारी रेंज गेली, ती साडेतीनला आली. पहिल्या दिवशी झाले फक्त १९. मी रात्री जेवले नाही.

१२ सप्टेंबर

दुसऱ्या दिवशी टोकन केले. आदल्या दिवशी सगळं गाव सकाळी सातपासून येऊन बसलं होतं, तान्ही बाळं रडत होती. आज वाडीनुसार वेळ दिली, कोतवाल दादांनी निरोप दिले. एका माणसाला दहा-बारा मिनिटं लागतात, हा हिशोब धरूनच बोलवा. ३३ झाले. दोन्ही दिवस मिळून ५२, त्यांत थोडे मोठेही.

मोठ्यांमध्ये एक आजी होत्या. रेशनला अंगठा उठत नाही म्हणून आल्या. नातू आमच्याकडे दुसरीत. त्यांच्या बोटांवर रेषाच नाहीत, आयुष्यभर निंदणी आणि तोडणी. फडकं, कोमट पाणी, सगळं झालं. दोन बोटं कशीबशी उमटली, डोळे मात्र पहिल्या फटक्यात. दादा म्हणाले, "आजी, दुकानदाराला डोळ्याचं मशीन लावायला सांगा." आजी म्हणाल्या, "तो माझ्या डोळ्यात बघत नाही रे."

प्रत्येकाला पावती मिळते. तिच्यावर चौदा आकड्यांचा नोंदणी क्रमांक आणि खाली तारीख-वेळ. या पावत्यांचे मी तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढले, हे फार बरं झालं. पुढच्या आठवड्यात त्यातल्या निम्म्या पावत्या पावसात भिजल्या. आणि मोबाइल नंबर द्यायचा तो घरात टिकणारा द्या. ऊसतोडीला गेलं की सिम बदलतं, मग ओटीपी कुठल्यातरी फडावर वाजत राहतो.

निकाल

२० सप्टेंबरपासून मी रोज पहाटे स्टेटस बघायचे. क्रमांक थेंबाथेंबाने येत होते. चार नोंदी रिजेक्ट झाल्या : दोघांचा दाखला धूसर स्कॅन झाला होता, एकाचं नाव वडिलांच्या कागदाशी जुळलं नाही (तोच वसावा-वसावे), एकाचं कारण नीट कळलं नाही. त्या चौघांना तालुक्याच्या केंद्रावर परत न्यावं लागलं.

२९ सप्टेंबरला रात्री नऊ वाजता टाकीजवळ उभं राहून यादी उघडली. ६२. सर म्हणाले, "पुन्हा एकदा रिफ्रेश करा." केलं. ६२च.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली : सात ते पंधरा वयाच्या मुलांचं बायोमेट्रिक अपडेट १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभर मोफत. आमची एकोणीस मुलं एकोणीस दिवस आधी पैसे भरून मोकळी. एक वडील बातमीचा फोटो घेऊन शाळेत आले. "मॅडम, ते शंभर परत भेटतील का?" नाही भेटणार, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मुलाचा डबा देऊन गेले. तुमच्याकडे अशी मुलं असतील तर ती मुदत संपायच्या आत उरकून घ्या. बाकी दुरुस्त्यांचे दर मात्र त्याच तारखेपासून वाढलेत : नाव-पत्त्याला ५० चे ७५, ठशांना १०० चे १२५.

रिजेक्ट झालेले चौघं ऑक्टोबरअखेर लागले, ६६. आदेश आलेला मुलगा डिसेंबरच्या शेवटी, ६७. माझ्या खिशातून जीप, झेरॉक्स, चहा धरून साधारण २,३०० गेले. सरांनी त्यांचे लिहून ठेवले नाहीत, विचारलं की विषय बदलतात.

राहिला एक. त्या आजींचाच नातू. दोन सुनावण्या झाल्या, तिसरी पुढच्या सोमवारी आहे. आई-वडील टोळीबरोबर गेलेत, म्हणून पालक म्हणून आजी येणार. मी काल घरी जाऊन कागद लावून दिले आणि अर्जावर खूण केली, इथे अंगठा. आजींनी हात मागे घेतला, "उठत नाही ना माझा." म्हटलं, आजी, हा शाईचा आहे, हा उठतो.